मदत हवी आहे: तारण कृपेने, तर मग आज्ञा कशाला पाळायच्या?

सर्वांना जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीत मी संडे स्कूलचा मोठ्या मुलांचा वर्ग घेते. गेल्या रविवारी दहावीतल्या एका मुलाने विचारलं, "ताई, तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळतं, कर्मांनी नाही. मग देवाच्या इच्छेप्रमाणे जगायचं कशासाठी? नरकाच्या भीतीने?"

मी बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढला. आठवं-नववं वचन कृपेबद्दल आहे, आणि लगेच दहाव्यात म्हटलंय की आपल्याला सत्कृत्यांसाठी निर्माण केलंय. म्हणजे सत्कृत्यं ही तारणाची किंमत नव्हे, त्याचं फळ. प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात जवळजवळ याच मुलाचा प्रश्न घेतलाय, हेही सांगितलं. त्याला ते पटलं, पण त्याच्या मनाला भिडलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मला वाटतं, उत्तर प्रीतीत आहे. योहान १४:१५ मध्ये येशू आज्ञापालनाची सांगड प्रीतीशीच घालतो. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तर तो स्वतःच पित्याच्या इच्छेपुढे नमला, तेही घाम गाळत, सहजासहजी नाही. मुलांना हा भाग फार जवळचा वाटतो.

पुढच्या रविवारी पंडिता रमाबाईंबद्दल सांगावं म्हणते. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना आणून केडगावला आसरा दिला. हे भीतीपोटी कोण करेल?

पण रमाबाई या मुलांना फार दूरच्या वाटतात. तुम्ही स्वतः देवाची इच्छा का निवडता? नोकरी, लग्न, पैसा, भावकीतला वाद, असा एखादा खरा प्रसंग लिहाल का? विशेषतः जिथे स्वतःचं मन दुसरीकडे ओढत होतं. शनिवारपर्यंत मिळालं तर वर्गात नाव न घेता वाचून दाखवीन.