एचपी-६७ची चुंबकीय कार्डे चिकट झाली आहेत, आतला प्रोग्रॅम कसा वाचवावा?

सागरकिनारा:
नमस्कार मंडळी. एक एचपी-६७ (चुंबकीय कार्डावर प्रोग्रॅम साठवणारा जुना कॅल्क्युलेटर) आणि त्याच्यासोबत तीसेक चुंबकीय कार्डे हाती आली आहेत. काही स्टँडर्ड पॅकची, म्हणजे कंपनीच्या तयार प्रोग्रॅमच्या संचातली, छापील आहेत. बाकीच्यांवर पेनाने सर्व्हेच्या प्रोग्रॅमची नावे आणि ए ते ई या कळांची कामे लिहिलेली आहेत. ही हाताने लिहिलेली कार्डे गेली तर पुन्हा मिळणार नाहीत, म्हणून घाई न करता विचारतो आहे.

एक छापील कार्ड घालून पाहिले. मोटरचा आवाज आला, कार्ड अर्ध्यात थांबले आणि ओढून काढल्यावर त्यावर लांबीभर काळपट, चिकट पट्टा दिसला. रत्नागिरीच्या हवेमुळे दोन-चार कार्डांवर पांढरट बुरशीही आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले तर नोंद उडेल का? आणि चालू स्थितीतला एचपी-४१सीव्ही कॅल्क्युलेटर व त्याला जोडायचा ८२१०४ए कार्ड रीडर उपलब्ध आहे, तर कार्डे सरळ त्यातच वाचून घेऊ का?

रोलर_रिंग:
दोन्हीपैकी कुठल्याही यंत्रात आता एकही कार्ड घालू नका. तो काळा पट्टा कार्डाचा नाही, रीडरमधल्या रबरी रोलरचा आहे. १९७६च्या त्या रोलरचे रबर वर्षानुवर्षांच्या दमट हवेने विघटित होऊन काकवीसारखे होते. ते कार्डाला लागते, कार्डावरून हेडवर (नोंद वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या चुंबकीय भागावर) जाते आणि पुढच्या प्रत्येक कार्डावर उतरते. हाच आजार एचपी-६५, एचपी-९७ या कार्डवाल्या कॅल्क्युलेटरना आणि ८२१०४एलाही आहे, त्यामुळे ४१चा रीडर "चालू" आहे म्हणजे त्याचा रोलर शाबूत आहे असे धरून चालू नका. आधी तो उघडून बघा.

उघडण्याआधी बॅटरी पॅक काढा. ६७चे काही स्क्रू मागच्या लेबलखाली असतात. लेबल हेअर ड्रायरच्या कोमट हवेने सैल करून एका कडेने हळूहळू उचला, ओढू नका. रीडरचा भाग वेगळा करताना पांढरा ट्रे खाली ठेवा, कारण स्विचच्या पात्यांना ढकलणाऱ्या चिमुकल्या गोळ्या आत असतात आणि त्या टिचकीसरशी उडतात. प्रत्येक पायरीला फोटो काढा.

रोलरच्या दांड्यावरचा गाळ आधी लाकडी टूथपिकने खरवडा, मग ९९ टक्के आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बुडवून पिळलेल्या इअरबडने पुसा. बड पांढरा निघेपर्यंत बदलत राहा. कार्ड ज्या फटीतून सरकते ती फटही तशीच पुसा. बहुतेक लोक रोलर बदलतात आणि फट विसरतात, मग नवा रोलर दोन दिवसांत पुन्हा काळा होतो.

नव्या रोलरसाठी दोन मार्ग आहेत: शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन ओ-रिंगा, किंवा सिलिकॉनच्या नळीचा मूळ रोलरइतक्या रुंदीचा तुकडा. आधी व्हर्नियरने आतल्या गाभ्याचा व्यास मोजा. नळी किंवा रिंग त्याहून किंचित लहान हवी, म्हणजे ताणून घट्ट बसेल आणि गोंद लागणार नाही. बाहेरचा व्यास जास्त झाला तर कार्ड दाबले जाऊन मोटर अडते, कमी झाला तर कार्ड अर्ध्यात घसरत राहते. रिंग नायट्राइलची किंवा सिलिकॉनची घ्या. पॉलियुरेथेनची घेतलीत तर आपल्याकडच्या दमट हवेत काही वर्षांनी हेच दुखणे परत येईल.

मोटर फिरते पण रोलर हलत नाही असे असेल तर रबराला दोष देऊ नका, मोटर आणि वर्म (रोलर फिरवणारा स्क्रूसारखा गिअर) यांच्यामधला जोड तपासा.

आणखी एक: ६७ची मोटर बॅटरीवर चालते. तीन सेलचा पॅक मरतुकडा असेल तर चांगला रोलरही कार्ड ओढत नाही. बॅटरी न लावता नुसत्या चार्जरवर हे यंत्र कधीही सुरू करू नका, आतले सर्किट जाऊ शकते.

कार्डपेटी:
कार्डांबद्दल मी लिहितो. अल्कोहोलने चुंबकीय नोंद पुसली जात नाही, ती फक्त चुंबकीय क्षेत्राने जाते. अल्कोहोलने जाते ती वरची पेनाची शाई! म्हणून पहिले काम, प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ उजेडात फोटो. त्या कळांच्या नावांशिवाय प्रोग्रॅम वाचला गेला तरी कुठल्या कळेला काय द्यायचे ते कळणार नाही.

कार्ड म्हणजे पॉलिस्टरची पट्टी आणि तिच्या एका बाजूला बाइंडरमध्ये बसवलेला तपकिरी ऑक्साइडचा थर. जपायचा तो थर. काचेवर किंवा गुळगुळीत टाइलवर कार्ड सपाट ठेवा. बुरशी असेल तर घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशने आधी झाडा, ओले करून चोळलीत तर पसरते. मग चष्म्याच्या मायक्रोफायबर कापडाचा कोपरा आयपीएने जेमतेम ओलसर करा आणि मधून एका टोकाकडे, मग मधून दुसऱ्या टोकाकडे, लांबीच्या दिशेने हलक्या हाताने पुसा. गोल गोल चोळू नका. दर दोन फेऱ्यांनी कापडाचा नवा भाग घ्या, नाहीतर काढलेला गाळ परत त्याच कार्डावर फासला जातो. पेनाच्या बाजूला अल्कोहोल लावूच नका, तिथे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने ओलावलेले कापड कडेच्या एका टिंबावर आधी वापरून बघा.

कापडावर काळे आले तर तो रोलरचा गाळ, पुसत राहा. तपकिरी आले तर तिथेच थांबा. तो ऑक्साइड आहे, म्हणजे बाइंडर सुटू लागला आहे. असे कार्ड नुसते वाळवा आणि सगळ्यात शेवटी, एकदाच वाचायचा प्रयत्न करा.

ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यांपैकी काहीही नको, बाइंडर विरघळू शकतो. हॅन्ड सॅनिटायझरही नको, त्यातले ग्लिसरिन मागे राहते. पुसलेले कार्ड पंख्याखाली अर्धा तास उघडे ठेवा, उन्हात नाही. वाकले तर रोलरखाली सरळ जाणार नाही.

साठवताना पीव्हीसीची पाकिटे टाळा. जुन्या व्हिनाइल पाकिटांतला प्लास्टिसायझर घामासारखा सुटून कार्डांना चिकटतो. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे, झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेल. कार्डे एकमेकांवर उघडी रचू नका. चुंबकाचे बटण असलेले मोबाईल कव्हर, स्पीकर आणि फ्रिजच्या दारापासून लांब.

आरपीएन_ठाणे:
वरच्या दोघांनी सफाई नीट सांगितली आहे. मला भीती वाटते ती वाचताना होणाऱ्या घाताची, आणि त्यात कार्डाचा काही दोष नसतो.

६७वर स्विच डब्ल्यू/पीआरजीएमकडे (प्रोग्रॅम लिहिण्याच्या स्थितीत) असताना कार्ड आत गेले तर यंत्र ते वाचत नाही, त्यावर लिहिते. नुकत्याच सुरू केलेल्या यंत्राची रिकामी मेमरी कोणाच्या तरी प्रोग्रॅमवर उतरते आणि परत काही मिळत नाही. एचपी-४१ पीआरजीएम मोडमध्ये असेल तरी तेच. म्हणून कार्ड हातात घेण्याआधी स्विच रनकडे (प्रोग्रॅम चालवण्याच्या स्थितीत) आहे हे डोळ्यांनी पाहा. त्याहून पक्का उपाय म्हणजे कार्डावर खूण असलेला कोपरा कापणे. ज्या टोकाचा कोपरा कापला आहे त्यावर ६७ लिहीत नाही. मूळ कार्डांचे कोपरे कापायला जीव होत नाही हे समजू शकतो, तरी एकच प्रत असेल तर कापाच. दोन्ही टोके वापरलेली असतील तर दोन्हीकडचे कोपरे. फक्त लक्षात ठेवा, ४१वर फ्लॅग १४ (संरक्षित कार्डावर लिहू देणारी खूण) लावला असेल तर तो कापलेल्या कार्डावरही लिहितो.

क्रम असा ठेवा: रोलर बदला, हेड आयपीएच्या बडने पुसा, मग बिनमहत्त्वाचे एक कार्ड पाच-सहा वेळा घालून ते एका वेगाने सरळ बाहेर येते का पाहा, त्यानंतरच छापील कार्डे आणि सगळ्यात शेवटी हाताची. पॅकसोबत येणारे हेड क्लीनिंग कार्ड मी पहिल्या झटक्यात वापरणार नाही. ते घासणारे आहे, जास्त वापरले तर हेड झिजते, आणि चिकट गाळावर त्याचा उपयोग होत नाही.

६७च्या प्रोग्रॅम मेमरीत २२४ पायऱ्या, कार्डाच्या एका फेरीत ११२. एक टोक वाचल्यावर डिस्प्लेवर 'सीआरडी' आले तर कार्ड न उलथता फिरवून दुसरे टोक घाला, ती चूक नाही. एरर आली तर तेच कार्ड पुन्हा पुन्हा रेटू नका. पुसा, दुसऱ्यांदा घाला, नाही जमले तर बाजूला ठेवा आणि ४१च्या रीडरवर बघा. ज्या यंत्रावर लिहिले त्याचे हेड जरा तिरके असेल तर एका रीडरला न जमणारे कार्ड दुसऱ्याला जमते.

वाचले की लगेच नोंद करा. ६७वर डब्ल्यू/पीआरजीएममध्ये एसएसटी (एकेक पायरी पुढे नेणारी कळ) दाबत पायऱ्या पाहून कळांचे कोड वहीत किंवा फाइलमध्ये उतरवा. कंटाळवाणे आहे, पण याच्याइतके टिकणारे दुसरे काही नाही. मात्र हे करताना रीडरच्या फटीजवळ कार्ड नको, आणि झाल्यावर स्विच आधी रनकडे.

४१चा रीडर ६७ आणि ९७ची कार्डे वाचून प्रोग्रॅमचे रूपांतर करतो. जी कामे ४१मध्ये थेट नाहीत त्यांच्या जागी ७ने सुरू होणारी फंक्शन्स येतात, जसे ७डीएसझेड. ती रीडरच्या रॉममधली (कायमस्वरूपी मेमरीतली) आहेत. रीडर काढला की तिथे एक्सरॉम ३० आणि पुढे एक आकडा दिसतो, प्रोग्रॅम बिघडला असे समजू नका.

सागरकिनारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो आधी, मग रोलर. शेवटचा प्रश्न: प्रतींसाठी कोरी कार्डे मिळत नाहीत. जुन्या बँक कार्डाची चुंबकीय पट्टी कापून चालेल का?

कार्डपेटी:
नाही. बँकेचे कार्ड ०.७६ मिमी जाडीचे असते, ते फटीत अडकेल. पट्टी सोलून दुसऱ्या पट्टीवर चिकटवली तर गोंदाची कड रोलरखाली उचकटते. शिवाय अलीकडच्या पट्ट्या बहुतेक २७५० एरस्टेडच्या (नोंद बदलायला फार जोरदार चुंबकीय क्षेत्र लागणाऱ्या) असतात, हे छोटे हेड त्यांवर नीट लिहू शकत नाही. ज्या छापील पॅकचा उपयोग नाही आणि ज्याच्या एकाहून जास्त प्रती आहेत त्याची कार्डे वापरा. कोपरा कापलेला असला तर ४१वर फ्लॅग १४ लावून लिहिता येते.

एसआर५२_टीआय५९:
कोणाकडे टीआय-५९ (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा कार्डवाला कॅल्क्युलेटर) असेल तर त्यांच्यासाठी: रोलरचा आजार तोच, उपायही तोच. पण डिस्प्ले लुकलुकला की लगेच कार्ड खराब ठरवू नका. कार्ड ज्या मेमरी विभागणीत लिहिले ती विभागणी वाचताना तशीच लागते. सुरू करताना ती ४७९.५९ असते, म्हणजे प्रोग्रॅमच्या पायऱ्या ४७९पर्यंत आणि आकडे ठेवायच्या जागा ५९पर्यंत. १० ऑप १७ या कळा दाबून १५९.९९वर लिहिलेले कार्ड तसेच घातले तर चांगले असूनही घेतले जात नाही. विभागणी बदलून पुन्हा घाला.

आरपीएन_ठाणे:
प्रत काढताना बॅटरी ताजी ठेवा. मंदावलेल्या मोटरवर लिहिलेले कार्ड त्या दिवशी वाचले जाते आणि नंतर दुसऱ्या यंत्रावर हट्ट करते. ४१वर लिहून झाले की व्हीईआर (कार्ड तपासण्याचे फंक्शन) चालवून तेच कार्ड लगेच फिरवा, मेमरीला धक्का न लागता नोंद तपासली जाते. चेकसमची एरर आली तर कार्ड पुसून पुन्हा लिहा. ६७वर व्हीईआर नाही, तिथे प्रोग्रॅम आधी वहीत उतरवलेला असू द्या, मग मेमरी पुसून प्रत वाचा आणि पहिल्या-शेवटच्या दहा पायऱ्या ताडून पाहा.