शून्याखालच्या थंडीत कॅम्पर व्हॅनची पाण्याची टाकी: सेन्सर नेमका कुठे बसवावा?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. आम्ही फोर्स ट्रॅव्हलरवर अंबडच्या एका कारागिराकडून कॅम्पर व्हॅन बांधून घेतली आहे. ८० लिटरची प्लॅस्टिकची टाकी फरशीखाली टांगलेली असून तिच्या बुडाला ४० वॉटचे, १२ व्होल्टवर चालणारे हीटर पॅड चिकटवले आहे. पॅडच्या थर्मोस्टॅटचा सेन्सरही टाकीलाच बाहेरून लावलेला आहे. मार्चच्या सुरुवातीला हिमाचलमध्ये किन्नौरमार्गे नाकोला मुक्काम केला. सकाळी सहा वाजता थर्मोस्टॅटवर ५.८ अंश दिसत होते. मात्र नळ सोडल्यावर पंप नुसताच घुरघुरला, पाण्याचा थेंब आला नाही. दुपारी उन्हाने बर्फ वितळला, तेव्हा पंपाच्या डोक्याला गेलेल्या चिरेतून पाणी ठिबकू लागले आणि सीटखाली ठेवलेली अंथरुणे भिजली. कारागीर म्हणतो की सेन्सर उत्तम आहे आणि दोष आमच्या वापराचा आहे. येत्या फेब्रुवारीत त्याहून पुढे, स्पितीतल्या काझापर्यंत जाण्याचा विचार आहे. सेन्सर बदलावा, की दुसरेच काही करावे?

उत्तर १ (सातपूर)

ताई, सेन्सरने आपल्याशी खोटेपणा केलेला नाही. ज्या जागेचे तापमान त्याला विचारले, त्याच जागेचे त्याने सांगितले. टाकी ही गोठण्याच्या रांगेत सर्वांत शेवटी उभी असते. ८ अंशांचे ८० लिटर पाणी शून्यापर्यंत आणायला सुमारे पाऊण युनिट उष्णता बाहेर जावी लागते आणि शून्याला पोहोचलेले तेच पाणी पूर्ण गोठायला आणखी सुमारे साडेसात युनिटे. एका रात्रीत एवढी उष्णता सहसा जात नाही. याउलट अर्धा इंची नळीच्या एका मीटरमध्ये जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलिटर पाणी असते. ते तास-दोन तासांतही गोठू शकते, आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. पंपाचे डोके, गाळणी, एल्बो (नळीचे वळण) आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे न जाऊ देणारी झडप) या बंदिस्त जागांत त्या फुगवट्याला वावच मिळत नाही, म्हणून चीर तिथे पडते.

त्यामुळे एक सेन्सर पंपाच्या आऊटलेटवर आणि दुसरा फरशीखालून जाणाऱ्या नळीच्या सर्वांत उघड्या एल्बोवर, धातूच्या पट्टीने घट्ट बांधून वरून फोम गुंडाळून लावावा. फोम नसेल तर तो नळीचे नव्हे, वाऱ्याचे तापमान दाखवील. टाकीवरचा सेन्सर हीटर पॅडपासून किमान वीतभर दूर असावा. आपला तसा आहे का, हे आधी पाहावे.

आणखी एक गोष्ट. स्वस्त थर्मोस्टॅटमध्ये बहुधा १० किलो-ओहमचा एनटीसी (तापमानानुसार विद्युत रोध बदलणारा) सेन्सर असतो आणि थंडीत त्याचा रोध वाढतो. खडबडीत रस्त्यावर त्याची तार तुटली, तर रोध अनंत होतो. साध्या थर्मोस्टॅटला ती भयंकर थंडी वाटते आणि हीटर रात्रभर चालूच राहतो. प्लॅस्टिकच्या टाकीवर हे परवडणारे नाही, म्हणून पॅडच्या वायरमध्ये ५० अंशांना तुटणारा थर्मल कट-आऊट आणि वेगळा फ्यूज टाकावाच. हीटर ४ अंशांना चालू आणि ८ अंशांना बंद ठेवल्यास रिले उगाच टकटक करीत नाही.

उत्तर २ (निफाड)

मी द्राक्ष बागायतदार आहे, गाड्यांतले फारसे कळत नाही. पण थंडीशी आमचा दरवर्षीचा सामना असतो. कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवणे आणि पहाटे विहिरीचे, त्या मानाने उबदार पाणी ठिबकने सोडणे हे आमच्याकडे नवे नाही. त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगतो. थंड हवा जड असल्यामुळे ती पाण्यासारखी उताराने वाहत खोलगट जागी साचते. आमच्याही बांधालगतच्या सखल ओळींनाच आधी फटका बसतो. म्हणून नदीपात्राजवळ किंवा दरीच्या तळाशी गाडी लावू नका. दुसरे म्हणजे, पारा सर्वांत खाली मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या आगेमागे जातो, त्यामुळे रात्री दहाचा आकडा पाहून निश्चिंत झोपू नये.

उत्तर ३ (देवळाली कॅम्प)

लष्करातून निवृत्त झालो असून लेहमध्ये वाहनांच्या देखभालीत काही वर्षे काढली आहेत. माझ्या मते हीटरवर एवढा भर देणेच चुकीचे आहे. ४० वॉटचे पॅड १२ तास सतत चालले तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ४० अँपिअर-तास जातात, आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे सेल शून्याखाली असताना ती चार्ज करता येत नाही, म्हणजे सकाळी सूर्य उगवला तरी सोलरचा उपयोग होईलच असे नाही. काझाला फेब्रुवारीत नळ्या रिकाम्या करून झोपणे हाच खरा उपाय आहे: पंप बंद करावा, सर्व नळ उघडावेत आणि सर्वांत खालच्या जागी बसवलेला बॉल व्हॉल्व्ह सोडावा. पिण्यापुरते पाणी आत कॅनमध्ये ठेवावे.

गाडीत गिझर असेल तर आपोआप उघडणारा ड्रेन व्हॉल्व्ह मात्र जरूर बसवा. ट्रुमा कंपनीचा व्हॉल्व्ह सुमारे ३ अंशांना वीज नसतानाही उघडतो आणि सुमारे ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय पुन्हा बंद करता येत नाही. तो गिझर रिकामा करतो, टाकी नव्हे. पण पंप चालू राहिला, तर दाब पडला असे समजून तो टाकीतले पाणीही त्याच वाटेने रस्त्यावर ओतून टाकतो. वापरलेल्या पाण्याच्या टाकीत आणि सायफनमध्ये प्रॉपिलीन ग्लायकोल घालता येते. रेडिएटरचे एथिलीन ग्लायकोल विषारी असल्याने ते कधीही वापरू नये.

प्रश्नकर्तीचे पुन्हा (गंगापूर रोड)

सर्वांचे आभार. काल टाकीवरचे फोम सोलून पाहिले. सेन्सरचा अर्धा भाग हीटर पॅडच्या कडेखाली दबलेला होता, म्हणजे तो पॅडचीच ऊब मोजत होता. कॉलेज रोडच्या रसवंतीवरून चुरलेला बर्फ आणून स्टीलच्या थर्मासमध्ये थोडे पाणी घालून ढवळले (असे मिश्रण शून्य अंशांवर राहते) आणि त्यात तो जुना सेन्सर व नव्याने आणलेले दोन डीएस१८बी२० (डिजिटल तापमान सेन्सर) प्रोब बुडवले. नवे दोन्ही ०.२ आणि ०.३ दाखवतात, जुना १.६ वर अडतो. मात्र नव्यांपैकी एक प्रोब गाडीची कळ फिरवली की क्षणभर ८५ अंश दाखवतो. तो परत द्यावा का?

उत्तर १ (सातपूर)

लगेच परत देऊ नका. वीज मिळाल्यावर पहिले मोजमाप होईपर्यंत या सेन्सरमध्ये ८५ हाच आकडा असतो. पहिले वाचन टाकून द्यावे. चालत्या गाडीत मध्येच ८५ दिसू लागले, तर मात्र जोड ढिला आहे असे समजून वायर तपासावी आणि डेटा व पुरवठ्याच्या तारांमध्ये ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर आहे का तेही पाहावे.