मंदिरातल्या अॅम्पला हम येतोय, अर्थिंगचा लूप कुठं तोडावा?

मंडळी, मदत हवी आहे. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी हरिपाठासाठी मी अॅम्प्लिफायर बांधलाय. टीडीए७२९४ या अॅम्प्लिफायर आयसीचे दोन बोर्ड, २४-०-२४ चा ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, प्लस-मायनस दोन्हीकडं १०,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, सगळं लोखंडी डब्यात. घरी एकदम शांत वाजतो. मंदिरात मिक्सरची वायर जोडली की दोन्ही कॉलम स्पीकरमधून "घूंऽऽ" सुरू. टाळ-पखवाजात दबून जातं, पण चाल संपून जरा थांबले की लोक वळून माझ्याकडंच बघतात.

अॅम्प गाभाऱ्याशेजारच्या कपाटात आहे. मिक्सर सभामंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्ये चाळीसेक फूट शिल्डवाली वायर. सभामंडप नंतर बांधलेला, त्यामुळं त्याची फिटिंगही वेगळी आणि अर्थिंगचा खड्डाही वेगळा.

अॅम्पचा इनपुट शॉर्ट केला तर आवाज नाही. बॅटरीवरचा मोबाईल लावला तरी नाही. मिक्सर जोडला की येतो. आता गंमत बघा: मिक्सर बंद केला तरी हम तसाच, स्विचबोर्डावरचं बटण बंद केलं तरी तसाच, अन् थ्री पिन उपसली की कटकन गप्प! वायर काढून दोन्ही डब्यांच्या बॉडीत मीटर धरला, तर एसी १.३ व्होल्ट दाखवायलाय. मोबाईलच्या स्पेक्ट्रम अॅपवर ५० आणि १५० हर्ट्झला शेंडे आहेत, १०० ला नावापुरता.

दुकानदार म्हणतो कपॅसिटर वाढवा. मला पटत नाही. फिल्टर कमी पडला असता तर घरीही घुमला असता की.

प्रतिसाद १
मिक्सरची अर्थ पिन काढून टाका, विषय संपला. आमच्याकडचे मंडपवाले हेच करतात.

प्रतिसाद २
दादा, वरचा सल्ला कृपा करून ऐकू नका. मिक्सरमध्ये उद्या फेज बॉडीला लागली तर ती शिल्डमधून थेट माइकच्या जाळीवर येणार. माइक हातात घेणारा माणूस पुसलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो. हम परवडला.

तुमचं निदान तुम्हीच केलंय. बोर्डाचं बटण फक्त फेज तोडतं, अर्थ जोडलेलीच राहते. म्हणून बटण बंद करूनही फरक पडला नाही आणि पिन उपसल्यावर पडला. दोन खड्ड्यांत १.३ व्होल्टचा फरक आहे, तो तुमच्या वायरच्या शिल्डमधून करंट ढकलतो (हाच तो लूप), आणि शिल्डवरचा तो थेंबभर व्होल्टेज अॅम्प सिग्नल समजून वाढवतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की खड्ड्याचा रेझिस्टन्स वाढतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये हे आणखी जाणवेल. खड्ड्यात पाणी घालत जा. ते सुरक्षेसाठी हवंच, पण लूप त्यानं तुटणार नाही. आणि कपॅसिटर वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पूर्ण ब्रिज रेक्टिफायरचा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, १०० हर्ट्झला असतो, तुमचा शेंडा ५० ला आहे.

आधी फुकटातला उपाय. अॅम्प लावलाय त्याच स्विचबोर्डावरून चांगली थ्री पिन एक्स्टेंशन ओढा, ऑडिओ वायरच्या जवळून न्या आणि मिक्सर तिच्यावर लावा. दोघांची अर्थ एकाच जागी येईल. तेवढ्यानं नाही भागलं तर मध्ये ६०० ओहमचा एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाका. स्वस्तातला घेतलात तर पखवाजाचा धुम्म जरा पातळ होतो, हे आधीच सांगतो.

डबा उघडणारच असाल तर इनपुटची सॉकेट पत्र्यापासून इन्सुलेट आहेत का बघा. मग सिग्नल ग्राउंड आणि बॉडी यांच्यामध्ये १० ओहम, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड आणि ३५ अँपिअरचा ब्रिज, प्लस-मायनस शॉर्ट करून, दोन एसी टोकांवर जोडलेला. फॉल्ट आला तर करंट ब्रिजमधून जातो. मेन्सची अर्थ मात्र रंग खरवडून थेट बॉडीला बोल्टनं, मध्ये काहीही नको.

धागाकर्ता
एक्स्टेंशन ओढली. हम गेला! शेवटच्या खांबाशी उभं राहून तर काहीच ऐकू येत नाही. कॉलमला कान लावला तर बारीक घर्र आहे, अॅपवर आता १०० दिसतो. हा कुठला?

प्रतिसाद २
हा डब्यातलाच, लूपखाली झाकला होता. ट्रान्सफॉर्मरची मधली तार कुठं जोडलीय? ती दोन कपॅसिटरच्या जोडावर यायला हवी, आणि इनपुट-स्पीकरची ग्राउंड त्याच जोडावर नाही, तिथून इंचभर तार काढून वेगळ्या टोकावर. चार्जिंगचे झटके त्या जोडातून जातात. फोटो टाका, पण आधी कपॅसिटर डिस्चार्ज करा.