लिफ्ट उचलंना झाली की आधी हँडसेट का आधी मीटर?

कुपवाडचा गडी:
आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. ४८ व्होल्टची इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट परवा मागं-पुढं मस्त पळत होती पण फोर्क जाग्यावरनं हलंना. सर्व्हिसवाल्यानं कर्टिस कंपनीचा हँडसेट (गाडीच्या कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, जोडून आतलं बघायचं आणि सेटिंग बदलायचं यंत्र) लावला, मॉनिटर मेनूत गेला, मला म्हणला लिव्हर ओढा, ओढला तरी लिफ्ट इनपुट ऑफच. लिव्हरखालचा मायक्रोस्विच गेलेला, बदलला, दहा मिनिटांत गाडी चालू. व्हिजिटचं बिल बघून डोळं पांढरं झालं ते वेगळं. माझं मत, हँडसेट आपला आपण घेऊन ठेवावा.

मिरज मेंटेनन्स:
एका मायक्रोस्विचसाठी हँडसेट? वायर काढा, मल्टीमीटर कंटिन्युटीला (सर्किट जोडलं की बीप देतो) लावा, लिव्हर ओढा, बीप आला नाही की झालं. आमच्यात लिफ्ट निम्म्यात थांबायची, हँडसेटवर एक फॉल्ट नाही, हिस्टरी कोरी. टाकीत ऑइलच कमी होतं राव! कंट्रोलरला करंट कळतो, ऑइल कुठलं कळतंय.

कुपवाडचा गडी:
ते मान्य. पंप मोटरचा आवाज येत असेल तर मी पण आधी ऑइलच बघणार. पण मोटर गप्प असली तर इनपुट येत नाही का कॉन्टॅक्टर (मोटरला करंट जोडणारा मोठा स्विच) ओढत नाही का बॅटरी पडली, हे बसल्या जागी दिसतंय की.

हळद गोदाम सांगली:
बॅटरीचा विषय काढलाच आहे तर ऐका. चार्ज २० टक्क्यांवर आला की आमची गाडी लिफ्ट बंद करते, नुसती चार्जरपर्यंत चालते, म्हणजे तो बिघाड नाहीच. आमच्या एका हुशार पोरानं सीझनमध्ये हँडसेट आणून ते लॉकआउटच, म्हणजे लिफ्ट बंद व्हायचा टक्काच, खाली ओढलं. सगळे खूश, गाडी थांबंना. पुढं चार्ज करून ग्रॅव्हिटी (सेलमधल्या ॲसिडची घनता) बघितली, १२८० पाहिजे तिथं २४ पैकी तीन सेल ११५० च्या वर जाईनात. पोरगं म्हणतंय बॅटरीच जुनी होती.

कुपवाडचा गडी:
हँडसेट पण वेगवेगळ्या ॲक्सेसचे येतात, पोराच्या हातात सगळं उघडणारा दिलाच कशाला? नुसतं बघायला वापरा.

मिरज मेंटेनन्स:
नुसतं बघायचंच आहे तर माझा मीटर काय वाईट आहे 😄