मानेवर लिंबाचे ओघळ उमटलेत, आता काय करू?

रातराणी:
आधी हसून घ्या, मग सांगा. ऑफिसच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायचा होता. माझी मान लहानपणापासून काळी. मोबाइलला याचा सुगावा कसा लागला कोण जाणे, पण आठवडाभर एकच रील पुढ्यात येत होतं: अर्धं लिंबू घ्या, त्यावर चमचाभर खायचा सोडा टाका, मानेवर घासा, ७ दिवसांत फरक बघा. रीलमधल्या बाईची मान पहिल्या सेकंदालाही उजळच होती, हे मला आत्ता सुचतंय.

घासलं. काय फसफसलं म्हणून सांगू! वाटलं, वर्षानुवर्षांचा मळ निघतोय. चुरचुरत होतं, तेही 'लागू पडतंय' म्हणून सोसलं. तिसऱ्या दिवशी तशीच लिंबू चोळून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. वीसेक मिनिटं उन्हात असेन. नंतर नुसत्या पाण्यानं मान धुतली. दोन दिवसांनी भाजल्यासारखी आग आग, आणि आज आठव्या दिवशी तपकिरी डाग. डाग म्हणजे अक्षरशः ओघळ! कानामागून एक निघालाय, तो गळ्याच्या हाडापर्यंत उतरलाय आणि तिथे थेंब साचावा तसा गोल झालाय. लिंबू धरलेल्या दोन बोटांवरही आहेत.

त्याच बाईनं आता डागांवर बटाट्याचा रस सांगितलाय. लावू का?

उंटावरचा शहाणा:
फोटोचं काय झालं ते सांगितलंच नाहीत! आमच्याकडे टूथपेस्टचा प्रयोग झाला होता, नाकावरच्या पुटकुळीवर. पुटकुळी तिच्या वेळेला गेली, टूथपेस्टचा चट्टा मात्र दोन आठवडे मुक्कामाला होता. प्रयोगकर्ता मीच.

खलबत्ता:
रातराणी, बटाटा नको, काहीच नको. मी औषधशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

तू जे ओघळ म्हणतेस ते खरोखरच रसाचे ओघळ आहेत. लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरॅनोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना उन्हातले यूव्हीए किरण पडले की तेवढीच जागा भाजते. गंमत म्हणजे लगेच काही कळत नाही. साधारण २४ ते ७२ तासांनी लाली येते, कधी फोड येतात, आणि मग तपकिरी डाग. जिथे रस, तिथेच डाग. म्हणून तुझ्या मानेवर त्या दिवसाचा नकाशा उमटलाय.

आणि ते फसफसणं? लिंबाचं आम्ल आणि सोडा एकमेकांना मारत होते, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघत होता. मळाचा काही संबंध नाही. लिंबाचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (७ च्या जितका खाली तितकं जास्त आम्ल), २ ते २.५, सोड्याचं पाणी ८ च्या वर, आपली त्वचा ५ च्या आसपास. दोघांपैकी जे उरलं असेल त्यानं तुझ्या त्वचेचा वरचा थर सोलून निघाला, वर रोज घासणं होतंच.

आता साधं मॉइश्चरायझर लाव, बाहेर पडताना मान झाक किंवा ३० च्या वर एसपीएफ असलेलं सनस्क्रीन लाव. डाग आपोआप फिकट होतात, पण आठवडे, कधी महिने घेतात. फोड आले तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठ. कुणी सांगितलं म्हणून स्टिरॉइडची ट्यूब आणू नकोस.

हिरवळ:
उगाच घाबरवू नका हो. नैसर्गिक वस्तूंनी अपाय होत नाही. मी कोरफडीचा गर कित्येक वर्षं लावतेय, काही झालं नाही.

उंटावरचा शहाणा:
खाजकुयलीही नैसर्गिकच आहे. लावून बघता?

खलबत्ता:
हिरवळ, तुम्हाला कोरफड सोसते, छानच. पण काहींना तिचीही अॅलर्जी असते. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबावं, एवढंच.

रातराणी, मला वेगळंच विचारायचंय. मान आधीपासून काळी म्हणालीस. हात फिरवला तर जाडसर, मखमलीसारखी लागते का? काखेत तसंच आहे का?

रातराणी:
हो! मागच्या बाजूला बारीक वळ्याही आहेत. आई मला आंघोळीला बसवून वजरीनं मान घासायची. डोळ्यांत पाणी यायचं, पण मान तश्शीच. 'किती मळकट गं तू' हे इतकं ऐकलंय की अजूनही मी केस मोकळेच सोडते.

खलबत्ता:
मळ नव्हता गं तो. अशा त्वचेला अॅकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात, आणि बरेचदा त्यामागे इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही हे कारण असतं. प्रत्येक वेळी तसंच असतं असं नाही, पण साखर तपासून घे. पाळी अनियमित असेल तर डॉक्टरांना तेही सांग.

रातराणी:
तीन आठवड्यांनी येतेय. ओघळ फिकट झालेत, बोटांवरचे जवळजवळ गेले. फोटो उंच कॉलरच्या शर्टात काढला.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.१ टक्के आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. मान बघून त्यांनीही खलबत्तांचंच नाव घेतलं, म्हणजे त्या त्वचेचं.

आईला फोन करून सांगितलं, तो मळ नव्हता. ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "माझ्या काखेत पण तसंच आहे गं." उद्या सकाळी तिला उपाशीपोटी लॅबमध्ये घेऊन जातेय.