‘लिंबूटिंबू’ संघ बाद फेरीत कसा? ‘अपसेट’, ‘अंडरडॉग’ आणि ‘जायंट किलर’ यांच्यासाठी मराठी शब्द

पुणे

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांसाठी मी एक चार पानी अंक काढतो. या वेळी इंग्लंडच्या एफए कप या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेतल्या गाजलेल्या निकालांवर लिहायला घेतलं आणि पहिल्याच वाक्यात अडलो. वाक्य असं होतं: ‘५ फेब्रुवारी १९७२ रोजी हेरफर्ड युनायटेड या लिंबूटिंबू संघाने बलाढ्य न्यूकॅसल युनायटेडला २-१ असा धक्का दिला.’

मजकूर आधी मुलांना वाचून दाखवतो. त्यातल्या एकाने, वय वर्षं बारा, मला थांबवलं. म्हणाला, “काका, लिंबूटिंबूला आपण कधी बादच करत नाही ना? मग हा संघ बाद फेरीत कसा?”

मी निरुत्तर झालो. क्रिकेटच्या बातम्यांमुळे ‘लिंबूटिंबू संघ’ म्हणजे दुबळा संघ, एवढाच अर्थ माझ्या डोक्यात होता. पण मूळ शब्द अंगणातल्या खेळातला. लपंडावात, पकडापकडीत सगळ्यात धाकटं पोर रडू नये म्हणून त्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते पकडलं गेलं तरी बाद होत नाही. काही घरांत त्यालाच ‘कच्चा लिंबू’ म्हणतात. म्हणजे ज्याचं हरणं मोजत नाहीत, तो लिंबूटिंबू. हेरफर्डचं हरणं तर पुरेपूर मोजलं गेलं असतं. ते हरले असते तर त्याच संध्याकाळी बाद.

तर प्रश्न असे. ‘अंडरडॉग’ला, म्हणजे हरणारच असं सगळ्यांना वाटतं त्या संघाला, काय म्हणावं? ‘अपसेट’ला, म्हणजे अनपेक्षित निकालाला, ‘धक्का’ पुरतो का? आणि मोठ्याला पाडणाऱ्या ‘जायंट किलर’चं काय करायचं?

नाशिक

मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या क्रीडा पानाचं मुद्रितशोधन केलं आहे, म्हणून ‘धक्क्या’बद्दल सांगतो. तो शब्द टिकला याचं मोठं कारण जागा. एका स्तंभाच्या मथळ्यात ‘खळबळजनक’ मावत नाही, ‘अनपेक्षित पराभव’ मावत नाही. ‘आर्सेनलला धक्का’ मावतं. वर्षानुवर्षं तेच छापलं आणि वाचकाच्या कानात तेच बसलं.

पण व्याकरण पाहा. धक्का बसतो कुणाला? मोठ्याला. ‘आर्सेनलला धक्का’ या मथळ्यात जिंकणाऱ्याचं नावसुद्धा नाही. १४ जानेवारी १९३३ ला वॉल्सॉलने आर्सेनलला २-० हरवलं. प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमनचा आर्सेनल, ज्याने त्याच मोसमात पुढे लीग, म्हणजे मोसमभराची साखळी स्पर्धा, जिंकली. वॉल्सॉल तिसऱ्या श्रेणीच्या उत्तर विभागातलं. आता ‘धक्का’ म्हटलं की आपण आर्सेनलच्या बाकावर बसून सामना पाहतो. वॉल्सॉलच्या माणसाला त्या दिवशी धक्का बसला नव्हता. त्याला जे झालं त्याला मराठीत ‘हर्ष’ म्हणतात, आणि त्याच्या संघाने जे केलं त्याला ‘पराक्रम’.

माझा नियम साधा होता: मोठ्या संघाची बातमी असेल तर ‘धक्का’, लहान संघाची असेल तर ‘पराक्रम’.

‘बिगरमानांकित’ मात्र इथे वापरू नका. तो टेनिसमधून आलेला शब्द. एफए कपमध्ये मानांकन नसतंच. तिसऱ्या फेरीपासून वरच्या श्रेणीतले संघ येतात तेव्हा सगळ्यांचे चेंडू एकाच सोडतीत पडतात. गावचा संघ लिव्हरपूलच्या घरी जाऊ शकतो, लिव्हरपूल गावात येऊ शकतं.

कोल्हापूर

काका, आमच्याकडं या ना, शब्दांचा खुराक मिळंल. आमचे फुटबॉल संघच मुळात तालमीचे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. शाहू स्टेडियमवर सामना फुटबॉलचा आणि तोंडात भाषा कुस्तीची. कुणी ‘अपसेट’ म्हणत नाही. ‘पाडलं’ म्हणतात. ‘अस्मान दाखवलं’ म्हणतात.

तुमच्या ‘अंडरडॉग’ला आम्ही एक शब्द देत नाही, पण जिंकल्यावर त्याचं जे होतं त्याला देतो: ‘पोरानं नाव केलं’. फडात येताना ज्याला नाव नव्हतं, ज्याची जोड नावाजलेल्या पैलवानाशी लागल्यावर लोक हळहळले, त्यानं चितपट केली की ‘नाव केलं’. हेरफर्डनं न्यूकॅसलला पाडलं यापेक्षा हेरफर्डनं नाव केलं, हे मला जास्त खरं वाटतं. त्याच उन्हाळ्यात हेरफर्डला फुटबॉल लीगमध्ये घेतलं ना? मग खरंच नाव केलं.

आणखी एक शब्द घ्या: ‘निकाली’. कुस्ती बरोबरीत सुटते किंवा निकाली होते. एफए कपमध्ये पूर्वी बरोबरी झाली की पुन्हा सामना व्हायचा. न्यूकॅसलच्या मैदानावर २-२ झाली म्हणून तर ते हेरफर्डला आले. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासून पुढं ते फेरसामने बंद केलेत. आता प्रत्येक सामना निकाली. मला तरी हे पटलेलं नाही. लहान संघाला मोठ्याच्या मैदानावर बरोबरी करून त्याला आपल्या गावात ओढून आणायची जी वाट होती, ती गेली.

बर्मिंगहॅम

कोल्हापूरच्या दादांशी मी फेरसामन्याबद्दल शंभर टक्के सहमत. इथे येऊन मला चौदा वर्षं झाली आणि दर जानेवारीत तिसऱ्या फेरीच्या शनिवारी मी खालच्या श्रेणीतल्या एखाद्या मैदानावर जाते.

लोकांची भाषा कशी बदलते ते सांगते, कारण शब्द ठरवायला ते उपयोगी पडेल. सामन्याआधी लहान संघाचे पाठीराखे ‘आम्ही जिंकू’ म्हणत नाहीत. ‘एक दिवस मजेत जाऊ दे’ म्हणतात. मुलांच्या हातात पुठ्ठ्याला चंदेरी कागद गुंडाळून घरी केलेला कप असतो. पहिला अर्धा तास गोल झाला नाही की आवाज बदलतो. सत्तराव्या मिनिटाला बरोबरी असेल तर कुणी बोलतच नाही, सगळे घड्याळाकडे बघतात. आणि जिंकले की पहिला शब्द आनंदाचा नसतो, अविश्वासाचा असतो. मराठीत त्याला नेमकं काय म्हणावं, तर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांचा चेहरा पाहून माझ्या मनात जे आलं ते ‘खरं का?’ एवढंच होतं. म्हणून मला ‘अपसेट’साठी ‘आक्रीत’ हा शब्द सुचवावासा वाटतो. माझी आजी वापरायची: ‘आक्रीतच घडलं बाई.’ त्यात आश्चर्य आहे आणि धक्क्यासारखी कुणाची बाजू नाही.

हेरफर्डचं जुनं चित्रण पाहिलंत ना? हेरफर्डच्या रॉनी रॅडफर्डचा गोल झाल्यावर जाड हिवाळी कोट घातलेली पोरं चिखलातून मैदानात धावत येतात. तिथे ‘धक्का’ म्हणवत नाही.

वसई

‘जायंट किलर’बद्दल. आमच्या चर्चमध्ये लहानपणापासून ऐकलेला शब्द आहे तो म्हणजे गल्याथ. मराठी बायबलमध्ये पोरसवदा दावीद धिप्पाड गल्याथला मारतो. इंग्रजी वाचणाऱ्याला गोलायथ आठवतो, आम्हाला गल्याथ. आणि दावीदाच्या हातात काय? गोफण. तो शब्द तर उभ्या महाराष्ट्राचा आहे, ज्वारीवर पाखरं बसू नयेत म्हणून माळ्यावरून फिरवतात ती. गोफणीत घालायच्या दगडाला ‘गोफणगुंडा’ म्हणतात.

रॉनी रॅडफर्डने जवळजवळ तीस यार्डांवरून, चिखलातून उसळलेल्या चेंडूवर जो फटका मारला त्याला ‘जोरदार फटका’ म्हणू नका काका. गोफणगुंडा म्हणा. सुतारकाम करून खेळणारा माणूस होता तो.

नागपूर

वसईकरांचा गोफणगुंडा मला फार आवडला. पुराणातलं उदाहरण शोधत होतो. पहिल्यांदा वामन आणि बळी आठवला, पण तो चालणार नाही. मराठी माणूस त्या गोष्टीत बळीच्या बाजूचा आहे. पाडव्याला आपण ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतो, वामनाचं नाही. चालतं ते कंसाच्या आखाड्यातलं: समोर चाणूर, आणि इकडे गोकुळातून आलेलं पोर. शिवाय कोल्हापूरकरांच्या कुस्तीशीही जुळतं.

इतर भाषांचं थोडं सांगतो, कारण त्यातून आपल्याला काय हवंय ते स्पष्ट होतं. ‘अंडरडॉग’ हा कुत्र्यांच्या झुंजीतला शब्द, खाली पडलेला कुत्रा. त्यामुळे त्याचं शब्दशः मराठी करूच नये. ‘अपसेट’बद्दल एक गोष्ट फिरते की १३ ऑगस्ट १९१९ ला साराटोगाला ‘अपसेट’ नावाच्या घोड्याने ‘मॅन ओ वॉर’ या घोड्याला हरवलं आणि तिथून शब्द आला. शर्यत खरी, घोडा खरा, पण हा वापर त्याआधीही होता.

फ्रेंच लोक कपमधल्या लहान संघाला परीकथेतल्या अंगठ्याएवढ्या मुलाचं नाव देतात. २००० मध्ये चौथ्या श्रेणीतला कॅलेचा हौशी संघ थेट अंतिम सामन्यात गेला आणि नॉन्तकडून शेवटच्या मिनिटाच्या पेनल्टीवर २-१ हरला. नॉन्तच्या कर्णधाराने कप उचलताना कॅलेच्या कर्णधाराला बरोबर घेतलं. ब्राझीलमध्ये अनपेक्षित निकालाला ‘झेब्रा’ म्हणतात. तिथल्या प्राण्यांच्या सोडतीत पंचवीस प्राणी आहेत आणि त्यांत झेब्रा नाही. जे चिठ्ठीत नाहीच ते निघालं, असा अर्थ.

आणि स्पॅनिश. २७ ऑक्टोबर २००९ ला माद्रिदजवळच्या आल्कोर्कोन गावच्या तिसऱ्या श्रेणीतल्या संघाने रेआल माद्रिदला ४-० हरवलं. गावाच्या नावाला तडाख्याचा प्रत्यय जोडून शब्द झाला, ‘आल्कोर्कोनाथो’. मी यावर खूप विचार केला. आपल्याकडेही गावाच्या नावाचा असा शब्द झालाय, पण तो ‘पानिपत’. ‘त्यांचं पानिपत झालं.’ आपण हरण्याला गावाचं नाव दिलं, जिंकण्याला दिलं नाही. देऊन बघायला काय हरकत आहे?

नाशिक

नागपूरकरांनी विषय काढलाच आहे तर ‘उलटफेर’बद्दल माझं मत नोंदवतो. हल्ली मराठी बातम्यांत ‘मोठा उलटफेर’ सर्रास येतं. तो हिंदीतून आला आहे, आणि आपल्याला गरज नाही. आपली ‘उलथापालथ’ आहे. पण तीही एका सामन्याला लावू नये. उलथापालथ म्हणजे सगळंच वरखाली होणं. एका शनिवारी चार मोठे संघ बाद झाले तर ‘तिसऱ्या फेरीत उलथापालथ’ म्हणा.

‘जायंट किलर’ला मात्र माझा विरोध नाही. १९६७ ला जॉर्ज फर्नांडिसांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं तेव्हापासून तो शब्द महाराष्ट्रात रुळला आहे. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी खेड्यातला माणूसही ‘जायंट किलर ठरला’ म्हणतो. फक्त त्या ‘ठरला’ क्रियापदाकडे लक्ष द्या. ठरला म्हणजे कायमचं ठरलं. खासदारकी पाच वर्षांची असते, कपमधला विजय पुढच्या फेरीपर्यंतचा. २९ जानेवारी १९४९ ला येओव्हिलने आपल्या उतरत्या मैदानावर सुंदरलँडला २-१ हरवलं, आणि पुढच्या फेरीत ८१ हजारांहून जास्त लोकांसमोर मँचेस्टर युनायटेडकडून ८-० हरले. ७ जानेवारी १९८९ ला सटन युनायटेडने कॉव्हेंट्रीला हरवलं, ज्या कॉव्हेंट्रीने दोनच वर्षांपूर्वी कप जिंकला होता. पुढच्या फेरीत नॉरिचकडून सटन हरलं, तेही ८-० नेच.

बर्मिंगहॅम

आणि तरी सटनच्या माणसाला विचारा, तो नॉरिच आठवत नाही, कॉव्हेंट्री आठवतो.

कोल्हापूर

म्हणून तर ‘नाव केलं’. नाव एकदाच करायचं असतंय. पुढची कुस्ती हरली म्हणून केलेलं नाव परत घेत नाहीत.

पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. एका गोष्टीचा निर्णय मी केला आहे: ‘चमत्कार’ आणि ‘जादू’ हे शब्द अंकात कुठेच येणार नाहीत. १९७१ मध्ये कोलचेस्टरने लीड्सला ३-२ हरवलं, त्यात दोन गोल रे क्रॉफर्डचे, तिशी उलटलेला, पूर्वी इंग्लंडकडून खेळलेला. १९८८ च्या अंतिम सामन्यात विम्बल्डन संघाचा गोलरक्षक बीझंट याने लिव्हरपूलच्या ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली, लंडनच्या वेम्बली मैदानावरच्या एफए कप अंतिम सामन्यात अडवली गेलेली ती पहिली पेनल्टी. हे सराव करून, अभ्यास करून झालेलं काम आहे. माझ्या मुलांनी त्याला जादू समजू नये.

‘आक्रीत’ मात्र घेतो आहे, कारण ते पाहणाऱ्याच्या बाजूचं आहे, खेळणाऱ्याचे कष्ट नाकारत नाही. वाक्य आता असं केलं आहे:

‘५ फेब्रुवारी १९७२ रोजी एडगर स्ट्रीट या हेरफर्डच्या मैदानावरच्या चिखलात आक्रीत घडलं. शेवटची काही मिनिटं उरलेली असताना न्यूकॅसल १-० ने पुढे होतं. तेवढ्यात रॉनी रॅडफर्डच्या पायातून गोफणगुंडा सुटला. जादा वेळेत बदली खेळाडू रिकी जॉर्जने दुसरा गोल केला आणि लीगमध्ये नसलेल्या हेरफर्डने पहिल्या श्रेणीतल्या न्यूकॅसलला हरवलं.’

‘लीगमध्ये नसलेल्या’ हे सरळ लिहिलं. दुबळा, नवखा, चिमुकला यांपैकी काही नको वाटलं.

कोल्हापूर

फक्त शेवटचा शब्द बदला काका. ‘पाडलं’.

पुणे

बदलला. आज मुलांना वाचून दाखवलं. बारा वर्षांचा आमचा परीक्षक गप्प ऐकत होता. संपल्यावर त्याने विचारलं, “तो गोफणगुंडा बघायला मिळेल का?” आता सगळे माझ्या फोनभोवती जमलेत, सातव्यांदा बघतायत.