मदत हवी आहे: फरशीच्या द्रवाची डोळ्यांवरची चाचणी, सशांना न छळता

नमस्कार मंडळी,

फरशी पुसण्याचा द्रव बनवायचा आमचा छोटा घरगुती उद्योग आहे. नव्या मिश्रणात बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक घातलंय. ते डोळ्यांना झोंबतं हे ठाऊक आहे. पण आमच्या प्रमाणात किती, आणि बाटलीवर कोणता इशारा छापायचा, हे चाचणीशिवाय कसं ठरवणार? एका खासगी प्रयोगशाळेकडे चौकशी केली, तर त्यांनी थेट सशांवरच्या ड्रेझ चाचणीचं दरपत्रक पाठवलं.

ही १९४४ची पद्धत. सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिली रसायन घालायचं, दुसरा डोळा तुलनेला ठेवायचा आणि गरज पडली तर २१ दिवसांपर्यंत बघत राहायचं. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला २०१४ पासून बंदी आहे, पण फरशीचा द्रव त्या नियमात बसत नाही. तरी मला ससे नकोतच. माझ्या मालासाठी एखाद्या जिवाचा डोळा जाळणं मला मान्य नाही.

वाचल्यावर बीसीओपी, म्हणजे ओईसीडीची (चाचण्यांच्या मार्गदर्शिका काढणारी आंतरराष्ट्रीय संघटना) ४३७ क्रमांकाची पद्धत, सगळ्यात जवळची वाटली. कत्तलखान्यातून आणलेल्या गाय-बैलांच्या डोळ्यांचा कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) साच्यात बसवतात, त्यावर द्रव १० मिनिटं ठेवून धुतात. मग कॉर्निया किती गढूळला आणि फ्लुरोसिन हा रंग किती आरपार गेला हे मोजतात. गुण ३ किंवा कमी आले तर इशाऱ्याची गरज नाही, ५५च्या वर गेले तर गंभीर इजा. मधे आले तर या एका चाचणीवरून काहीच ठरत नाही, आणि आमचा द्रव नेमका तिथेच अडकेल अशी भीती वाटते.

खरी अडचण पुढे आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हणजे इथे मिळणार म्हशीचे डोळे. गाय-बैलांच्या कॉर्नियावर ठरवलेल्या मर्यादा म्हशीला तशाच लावता येतात का? कोणी करून पाहिलंय का? चाचणी नीट चालते का हे पडताळायला इथेनॉल वापरतात, त्याचे आकडे म्हशीच्या कॉर्नियावर अपेक्षेप्रमाणे येतात का?

औषधनिर्माण महाविद्यालयात शिकवणारी माझी मावसबहीण कोंबडीच्या अंड्यावरची हेट-कॅम सुचवते. नऊ दिवसांच्या फलित अंड्याच्या पडद्यावर द्रव टाकून ३०० सेकंदांत रक्तस्राव, वाहिन्या विरघळणं आणि गोठणं बघायचं. मिश्रणं आपसात ताडून बघायला ती उत्तम वाटते, पण ओईसीडीची स्वतंत्र मार्गदर्शिका नसल्याने फक्त तिच्यावर इशारा ठरवायला मन धजत नाही.

मानवी पेशींपासून वाढवलेल्या कॉर्नियासारख्या ऊतींची ४९२ क्रमांकाची पद्धतही आहे. त्या ऊती कोणी परदेशातून मागवल्या आहेत का? कस्टममध्ये अडकल्या तर वाया जातात का?

यांपैकी काहीही भारतात बाहेरच्यांसाठी करून देणारी प्रयोगशाळा माहीत असेल तर कृपया सांगा. द्रव पातळ आहे, सामू ८च्या आसपास. घटकांचं प्रमाण व्यनितून कळवते.